वऱ्हाडचा गहू आणि घरची बीअर

पुण्या-मुंबईत नोकरीला असलेली किंवा शिकायला अमेरिका-जर्मनीत गेलेली वऱ्हाडातली मुलं आता सुट्टीत घरी येताना एक नवा छंद सोबत घेऊन येतात. तो म्हणजे गव्हाची बीअर. तिकडे त्यांनी ती चाखलेली असते, काहींनी स्वतःच्या स्वयंपाकघरात केलेलीही असते. अमरावती-अकोल्याला घरी आल्यावर कोठीतला गहू पाहून त्यांना वाटतं, धान्य तर आपल्याच घरात आहे, मग इथे का करू नये? प्रश्न सरळ आहे, पण त्याच्या उत्तरात कायदा येतो, गव्हाची जात येते, खारपाणपट्ट्यातलं पाणी येतं, मे महिन्याचं ऊन येतं आणि गावोगावच्या बायकांनी दारूशी दिलेली झुंजही येते. यातली एकच बाजू धरली की उत्तर चुकतं. म्हणून सगळ्या बाजू एकत्र मांडतो.

आधी कायदा, कारण नवशिक्याने पहिल्यांदा तोच समजून घ्यायला हवा. महाराष्ट्रात घरी बीअर करणं गुन्हा आहे. १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम, म्हणजे आजचा महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, त्याच्या १२ व्या कलमात परवान्याशिवाय मद्य तयार करायला आणि ब्रुअरी उभारायला किंवा चालवायला बंदी घालतो. ६५ वं कलम शिक्षेचं आहे. त्यात मद्य तयार करणं येतं, तसंच ते करण्यासाठी लागणारी भांडी आणि साहित्य बाळगणंही येतं. कायद्यातल्या मद्याच्या व्याख्येत दारू, वाइन, बीअर, ताडी आणि अल्कोहोल असलेला कुठलाही द्रव बसतो. ‘घरच्यापुरती, विकायला नाही’ अशी सूट त्यात नाही. वऱ्हाडातल्या वर्तमानपत्रांत ‘सडवा नष्ट, हातभट्टी उद्ध्वस्त’ अशी बातमी येते तेव्हा लागलेलं कलम बहुतेक ६५ च असतं, आणि फ्लॅटच्या बाल्कनीत २० लिटरचा डबा आंबत ठेवणाऱ्या इंजिनिअरलाही तेच लागू शकतं.

हा कायदा वऱ्हाडावर बाहेरून येऊन आदळलेला नाही. मध्यप्रांत आणि वऱ्हाडचा स्वतःचा दारूबंदी कायदा १९३८ मध्येच झाला होता. १९५६ ला विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि पुढे मुंबईचा कायदा इथे लागू झाला. अमरावतीच्या शेजारचा वर्धा जिल्हा तर १९७० च्या दशकापासून दारूबंदीचा जिल्हा आहे. गाडगेबाबा अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे, तुकडोजी महाराज यावलीचे. दोघांनीही कीर्तनातून आणि खंजिरीच्या भजनांतून दारूवर घणाघात केला. बीअर हा छंद आहे असं इथे म्हणायचं तर हे सगळं डोळ्यांसमोर ठेवूनच म्हणावं लागतं.

परवाना घेतलेल्यांसाठी मात्र वाट मोकळी आहे. महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी पुण्यात २००९ मध्ये डुलाली या नावाने सुरू झाली. तिच्या पहिल्यापासूनच्या बीअरमध्ये जर्मन पद्धतीची गव्हाची बीअर होती. २०१५ मध्ये बिरा ९१ ची पांढरी बीअर बाजारात आली आणि ‘बीअर म्हणजे पिवळी, स्वच्छ आणि कडू’ ही समजूत शहरांतून मोडली. गव्हाची बीअर गढूळ असते, कमी कडू असते आणि तिला केळ्याचा, लवंगेचा किंवा संत्र्याच्या सालीचा वास असतो. हा वास कुणी वरून घातलेला नसतो, निदान जर्मन प्रकारात तरी नाही. तो कुठून येतो हे पुढे येईलच.

गहू बीअरमध्ये घालावा की नाही, हा वाद फार जुना आहे. बव्हेरियात १५१६ मध्ये फर्मान निघालं की बीअर जव, हॉप्स (कडवटपणा देणारी वेलीची फुलं) आणि पाणी एवढ्यातूनच व्हावी. गहू आणि राय पावासाठी राखून ठेवायचे होते. तरी गव्हाची बीअर बुडाली नाही, कारण डेगनबर्ग नावाच्या एका सरदार घराण्याकडे ती करण्याचा खास हक्क होता. १६०२ मध्ये ते घराणं निर्वंश झालं तेव्हा बव्हेरियाच्या ड्यूकने हा हक्क स्वतःकडे घेतला आणि त्यातून भरपूर पैसा कमावला. पुढे लोकांची आवड बदलली, धंदा मंदावला, आणि १८७२ मध्ये गेओर्ग श्नायडर या ब्रुअरने राजाकडून हा हक्क मिळवला. श्नायडरची ब्रुअरी आजही चालू आहे. बेल्जियमच्या होगार्डन गावातली पांढरी बीअर तर १९५० च्या दशकात साफ संपली होती. दुधाचा धंदा करणाऱ्या पिएर सेलिस या माणसाने १९६० च्या दशकात ती आपल्या हातांनी पुन्हा उभी केली. म्हणजे जगभर विकली जाणारी ही पांढरी बीअर पुन्हा जिवंत झाली ती एका हौशी माणसामुळे. घरच्या ब्रुइंगकडे तुच्छतेने पाहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

फर्मानातला ‘आधी पाव, मग बीअर’ हा विचार मात्र आपल्याकडेही रास्त आहे. २० लिटर गव्हाच्या बीअरला साधारण साडेचार किलो धान्य लागतं, त्यात गहू अडीच किलोच्या आसपास. घरापुरती ही काही उधळपट्टी नव्हे. पण ज्या जिल्ह्यांत कोरडवाहू शेतकरी हंगामाच्या जिवावर जगतो, तिथे धान्याचा हिशेब कुणीतरी मागणारच, आणि तो द्यायला आपण तयार असलं पाहिजे.

आता गव्हाकडे येऊ. मला स्वतःला या प्रश्नात सर्वांत जास्त रस इथेच आहे. बीअरला लागतो तो माल्ट. माल्ट म्हणजे भिजवून, मोड आणून, बेताच्या उष्णतेवर वाळवलेलं धान्य. दाण्याला मोड यायला लागला की आतली एन्झाइम्स जागी होतात. त्यांचं काम पिष्टाची साखर करणं. रोपट्याला वाढण्यासाठी ती साखर हवी असते. आपण मोड नेमक्या वेळी थांबवतो, दाणा वाळवतो आणि एन्झाइम्स शाबूत ठेवतो. हाच दाणा दळून ६५ ते ६७ अंश तापमानाच्या पाण्यात तासभर ठेवला की पिष्टाची साखर होते आणि पाणी गोड होतं. यालाच मॅशिंग म्हणतात, आणि त्या मिश्रणाला मॅश. त्यात यीस्ट घातलं की साखरेचं अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड होतो. बीअर म्हणजे मुळात एवढंच. इथे ऊर्ध्वपातन नाही, भट्टी नाही.

आपल्या बायकांना यातला निम्मा भाग तळहातासारखा ठाऊक आहे. बाळाच्या पेजेसाठी नाचणीला किंवा गव्हाला मोड आणून, वाळवून, दळून जे सत्त्व करतात ते माल्टच. उन्हाळ्यात कुरोड्यांसाठी गहू तीन दिवस भिजत घालतात, रोज पाणी बदलतात, तिसऱ्या दिवशी त्याला आंबूस वास सुटतो आणि दाणा बोटाने दाबला की पांढरा चीक बाहेर येतो. त्या तीन दिवसांत दाण्यावर जिवाणूंचं काम चालू असतं. महालक्ष्म्यांच्या नैवेद्यात ज्वारीची आंबील असते, आणि आंबवणं किती वेळ चालू द्यायचं, कुठे थांबवायचं हे घरातली मोठी बाई वासावरून ओळखते. नवशिक्या ब्रुअरला पुस्तकातून हेच शिकायला बरेच दिवस लागतात.

ज्याला अकोल्यात किंवा अमरावतीत राहून हे शिकायचं आहे, त्याने कायद्याच्या कक्षेत राहून करून पाहावा असा एक प्रयोग सांगतो. त्यात यीस्ट नाही, अल्कोहोल नाही. पावशेर गहू रात्रभर भिजवा, मग ओल्या कापडात ठेवून मोड येऊ द्या. हिवाळ्यात तीन-चार दिवस लागतात. उन्हाळ्यात मोड लवकर येतो, पण बुरशीही तितक्याच लवकर येते, म्हणून हे काम डिसेंबर-जानेवारीतच करा. दाण्याच्या लांबीइतका अंकुर झाला की सावलीत पसरा, दाणे कडक होईपर्यंत वाळवा, तळहातांवर चोळून मुळ्या मोडा आणि सुपात पाखडून घ्या. भाजू मात्र नका, भाजलं की एन्झाइम्स मरतात. हे दळून ठेवा. मग एका गंजात लिटरभर पाण्यात २०० ग्रॅम दलिया घट्ट शिजवा. पळी उभी राहील इतका तो घट्ट व्हायला हवा. तो ६५ ते ६८ अंशांवर उतरू द्या. स्वयंपाकाचा थर्मामीटर लागेल, अंदाजावर हे जमत नाही. त्यात मूठभर माल्टचं पीठ घालून नीट ढवळा आणि झाकून ठेवा. पंधरा-वीस मिनिटांत घट्ट दलिया पातळ होतो, पळीवरून पेजेसारखा ओघळायला लागतो. चाखला तर गोड लागतो, आणि साखरेचा दाणाही घातलेला नसतो. सुरुवातीला एका बशीत त्याचा थेंब घेऊन त्यावर टिंक्चर आयोडीनचा थेंब टाकला तर तो काळानिळा होतो, कारण पिष्ट आहे. तासाभराने दुसऱ्या बशीत तीच परीक्षा केली की रंग पिवळट-तपकिरीच राहतो, कारण पिष्ट संपलं आहे. आयोडीनची बशी फेकून द्या, गंजातली पेज नातवंडांना द्या. ज्याने हे एकदा डोळ्यांनी पाहिलं त्याला मॅशिंग समजलं.

प्रत्येक गहू यासाठी सारखा नसतो. पूर्णा नदीच्या खोऱ्यातला, म्हणजे अकोला, अमरावती आणि बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातला बन्सी गहू हा आपला अभिमान आहे. जमिनीखालचं पाणी खारं असल्यामुळे ओलीत करता येत नाही. पावसाळ्यात काळ्या जमिनीने धरून ठेवलेल्या ओलीवरच तो वाढतो. त्याचा रवा शेवयांना उत्तम. पण तो ड्युरम जातीचा आहे, दाणा काचेसारखा कडक आणि प्रथिनांनी भरलेला. ब्रुअरला हवा असतो त्याच्या उलट गहू: मऊ, पिठूळ, प्रथिनं कमी असलेला. प्रथिनं जास्त झाली की मॅश चिकट होतो, गाळताना अडकतो आणि बीअर गढूळपणाची हद्द ओलांडते. त्यामुळे बन्सीचा अभिमान शेवयांतच राहू द्यावा असं माझं मत आहे. बाजारात मिळणारा लोकवन किंवा अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने काढलेले एकेएडब्ल्यू मालिकेतले वाण या कामाला जास्त जवळचे ठरतील, पण त्यांची परीक्षा माल्टच्या दृष्टीने करून पाहावी लागेल.

गव्हाची दुसरी अडचण म्हणजे त्याला टरफल नसतं. जवाचं टरफल गाळणीचं काम करतं. गव्हात ते नसल्यामुळे गाळताना भांड्याचा नळ तुंबतो. म्हणून जर्मन बीअरमध्येसुद्धा सगळा गहू नसतो. तिथल्या नियमाप्रमाणे निम्म्याहून कमी गव्हाचा माल्ट चालत नाही आणि उरलेला जव असतो. जगभरचे हौशी ब्रुअर त्यात मूठभर धानाचं तूस मिसळतात. ते भंडारा-गोंदियाच्या भातगिरण्यांत हवं तेवढं मिळतं. त्याहून सोपा उपाय म्हणजे सगळं धान्य मोठ्या जाळीदार पिशवीत घालून गंजात सोडायचं आणि शेवटी पिशवी उचलून निथळायची. नवशिक्याला मी हाच सांगेन.

वऱ्हाडाशी सर्वांत जास्त जुळणारी बीअर मात्र जर्मन नाही, बेल्जियन आहे. पांढरी बीअर, विटबिअर. तिच्यात गहू मोड न आणता, कच्चाच वापरतात, निम्म्याच्या आसपास. म्हणजे आपला दलियाच. मोड आणायची खटपट गव्हाला नाही, जवाच्या माल्टमधली एन्झाइम्स कच्च्या गव्हाचंही काम भागवतात. आणि वासासाठी तिच्यात घालतात धने आणि संत्र्याची साल. धने इथल्या घराघरात आहेत, आणि वरूड-मोर्शीचा पट्टा तर संत्र्यासाठीच ओळखला जातो. बेल्जियन लोक कडू संत्र्याची वाळवलेली साल वापरतात, आपलं नागपुरी संत्रं गोड आणि सैल सालीचं. त्याची साल वापरायची तर आतला पांढरा थर काढून फक्त नारिंगी भाग घ्यावा लागतो, नाहीतर नको तो कडवटपणा उतरतो. २० लिटरला १५ ग्रॅम भरडलेले धने आणि तेवढीच साल, तीही उकळण्याच्या शेवटच्या पाच मिनिटांत. यापेक्षा जास्त घातलं की बीअरला मसाल्याच्या डब्याचा वास येतो.

पाण्याबद्दल थोडक्यात. अकोला शहर काटेपूर्णा धरणाचं पाणी पितं, अमरावती अप्पर वर्ध्याचं. ही दोन्ही कामाची. खारपाणपट्ट्यातल्या विहिरीचं किंवा बोअरचं पाणी मात्र नाही. त्यात सोडियम आणि बायकार्बोनेट जास्त, त्यामुळे मॅशची आम्लता बिघडते आणि तोंडात खारट-साबणट चव राहते. मॅशचा पीएच ५.२ ते ५.६ च्या दरम्यान हवा. आरओचं पाणी आणि चिमूटभर कॅल्शियम क्लोराइड एवढ्याने हा प्रश्न सुटतो.

हॉप्सची गोष्ट त्याहून लहान. ही वेल लांब दिवसांच्या थंड प्रदेशात फुलते. भारतात ती हिमाचलच्या लाहौलमध्ये लावली गेली. वऱ्हाडात ती फुलायची नाही. गव्हाच्या बीअरला ती फारशी लागतही नाही. २० लिटरला हालरटाउ जातीचे २०-२५ ग्रॅम पुरतात.

ऊन हा खरा शत्रू. जर्मन गव्हाच्या बीअरचं यीस्ट १८ ते २२ अंशांवर उत्तम काम करतं. केळ्याचा वास म्हणजे आयसोअमाइल अॅसिटेट, लवंगेचा म्हणजे ४-व्हिनाइल ग्वायाकॉल, आणि दोन्ही हेच यीस्ट तयार करतं. लवंगेचा वास वाढवायचा असेल तर मॅश आधी ४५ अंशांवर पंधरा मिनिटं ठेवतात. त्यामुळे गव्हातलं फेरुलिक आम्ल सुटं होतं आणि यीस्टला त्याची लवंग करता येते. तापमान २४-२५ च्या वर गेलं की यीस्ट जड अल्कोहोल सोडायला लागतं, वास नेलपॉलिशसारखा येतो आणि दुसऱ्या दिवशी डोकं धरतं. आता अकोल्याचा मे आठवा: पारा ४५ च्या वर, रात्रीही घराच्या भिंती तापलेल्या. त्यात आंबताना डब्याचं स्वतःचं तापमान खोलीपेक्षा दोन-चार अंशांनी चढतं. मार्च ते जून इथे गव्हाच्या बीअरचा विषयच काढू नये. डिसेंबर-जानेवारीत मात्र अकोल्याची खोली या यीस्टला मानवेल अशी असते, आणि १,१०० मीटरवरच्या चिखलदऱ्यात तर त्याहून बरी. नॉर्वेच्या शेतकरी घरांत पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं क्वाइक नावाचं यीस्ट ३५ अंशांच्या पुढेही स्वच्छ काम करतं आणि त्यातल्या व्हॉस गावच्या वाणाला संत्र्याच्या सालीचा वास असतो. वऱ्हाडाच्या हवेत आणि वरूडच्या संत्र्याच्या शेजारी हे यीस्ट शोभेल. पण त्यातून लवंग-केळं मिळणार नाही, म्हणजे ती जर्मन गव्हाची बीअर राहणार नाही.

जिथे कायदा परवानगी देतो तिथे राहणाऱ्या वऱ्हाडी मंडळींसाठी हे सगळं उपयोगाचं आहे. ब्रिटनमध्ये १९६३ पासून घरी बीअर करायला परवाना लागत नाही. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी १९७८ मध्ये कायद्यावर सही केली. त्यानुसार एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन आणि दोन प्रौढांच्या घराला २०० गॅलन बीअर स्वतःच्या वापरासाठी करता येते, विकता येत नाही. अलाबामा आणि मिसिसिपीने मात्र २०१३ पर्यंत परवानगी दिली नव्हती, म्हणून आपल्या राज्याचा नियम आधी पाहावा. या मंडळींना माझा सल्ला असा: पहिली बीअर धान्यापासून करू नका, गव्हाच्या माल्टच्या अर्कापासून करा. २० लिटरला पावणेतीन किलो कोरडा अर्क घ्या. त्यात गहू आणि जव दोन्ही असतात. अर्क पाण्यात विरघळवून उकळी आणा, हॉप्स घालून तासभर उकळा, शक्य तितक्या लवकर २० अंशांपर्यंत थंड करा आणि यीस्ट घाला. द्रवाची घनता मोजणारा हायड्रोमीटर सुरुवातीला १.०५० च्या आसपास दाखवेल. दोन आठवड्यांनी तो १.०१२ च्या जवळ येऊन दोन-तीन दिवस तिथेच राहिला की बाटल्या भरायच्या. साधारण ५ टक्के अल्कोहोल होतं.

दोन गोष्टींत मात्र कसूर नको. उकळल्यानंतर ज्याला ज्याला द्रवाचा स्पर्श होतो, ती नळी, झाकण, चमचा, सगळं निर्जंतुक हवं. उकळीआधी मळलेलं भांडं चालून जातं, नंतर नाही. आणि बाटल्या: गव्हाच्या बीअरला फेस जास्त हवा म्हणून लिटरला सातेक ग्रॅम साखर घालतात. आंबवण पूर्ण व्हायच्या आत बाटली भरली, किंवा साखर अंदाजाने टाकली, तर काचेची बाटली फुटते आणि तुकडे हाता-डोळ्यांत जातात. नवशिक्याने पहिल्या काही वेळा प्लॅस्टिकच्या सोडा-बाटल्या वापराव्यात. बाटली दाबून कडक लागली की फेस झाला.

आता मूळ प्रश्नाकडे. घरी बीअर करण्यावर बंदी घालणारा कायदा बदलावा का?

मेळघाटातला मोह हे याचं जवळचं उदाहरण. तिथल्या कोरकू घरांत मोहाची फुलं अन्न आहेत, औषध आहेत आणि सणाची दारूही. वर्षानुवर्षं फुलं साठवण्यावरच निर्बंध होते. राज्य सरकारने २०२१ मध्ये ते सैल केले. शेजारच्या मध्य प्रदेशाने मोहाच्या दारूला ‘हेरिटेज मद्य’ म्हणून वाट करून दिली. गोव्यात काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि तिथल्या लहान भट्ट्या परवान्याखाली चालतात. म्हणजे छोट्या प्रमाणावरचं मद्य आणि कायदा एकत्र नांदू शकतात, याचे दाखले आपल्या आजूबाजूलाच आहेत.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. हातभट्टीने मोडलेली घरं वऱ्हाडातल्या कुठल्याही गावात दाखवता येतील. गावातलं दारूचं दुकान बंद करण्याच्या मतदानात आडव्या बाटलीला मत द्यायला रांगेत उभ्या राहणाऱ्या बायकांना कुणी ‘ही तर क्राफ्ट बीअर आहे’ असं सांगून काही पटणार नाही, आणि पटू नयेच. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसं गेली. तिथे जीव घेतला तो मिथेनॉलने. बीअरमध्ये तो धोका नाही, कारण तिथे ना ऊर्ध्वपातन आहे, ना औद्योगिक स्पिरिटची भेसळ. पण व्यसनाचा धोका बीअरमध्येही आहे, आणि मोठ्या माणसाने घरात डबा आंबत ठेवला की तो शाळेतल्या पोरालाही दिसतो, हे नाकारून चालणार नाही.

तरीही कायद्यात एक भेद हवा असं मला वाटतं. ऊर्ध्वपातन आणि आंबवण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धोका वेगळा, प्रमाण वेगळं, हेतू वेगळा. वर्षाला ठरावीक लिटरांपर्यंत, एका पत्त्यावर, नोंदणी करून, विक्री न करता फक्त आंबवलेली बीअर करायला परवाना द्यावा, आणि ऊर्ध्वपातनावरची बंदी आहे तशी कडक राहावी. दारूबंदीच्या जिल्ह्यांना यातून वगळावं. ज्या गावातल्या बायकांनी मतदानाने दुकान बंद केलं, त्या गावालाही वगळावं. एवढं केलं तर हातभट्टीशी लढणाऱ्यांच्या हातातलं शस्त्र बोथट होणार नाही.

असा बदल होईपर्यंत अमरावती-अकोल्यातल्या नवशिक्याला माझं सांगणं स्पष्ट आहे: घरी बीअर करू नका. पुण्याला गेलात तर परवानाधारक मायक्रोब्रुअरीत चाखा, ब्रुअरशी बोला, टाक्या पाहा. घरी माल्ट करा, दलियाचा प्रयोग करा, पाण्याचा पीएच मोजायला शिका. यातलं काहीही कायद्याच्या आड येत नाही.

आणि एक विनंती अकोल्याच्या कृषी विद्यापीठाला. १९६९ पासून तुमच्या शेतांवर गव्हाचे वाण घडत आहेत. त्यांची पोळीसाठी, रव्यासाठी, उत्पादनासाठी परीक्षा होते. एकदा माल्टसाठीही करावी: मोडाचं प्रमाण, प्रथिनं, एन्झाइम्सची ताकद. माल्ट फक्त बीअरलाच लागत नाही, बाळाच्या आहाराला, बिस्किटांना, पेयांनाही लागतो. तुमच्या वाणांपैकी कुठल्या गव्हाला चांगले मोड येतात हे आकड्यांनिशी कळलं, तर वऱ्हाडच्या गहू-उत्पादकाला शेवयांपलीकडचं आणखी एक गिऱ्हाईक मिळेल.